‘यश ७०%’ : खाडीपलीकडच्या आयव्हीएफ सेंटरबद्दल, हिशेबासकट

पाचपैकी तीन तारे. सिस्टरना पाच, लॅबला चार, रिसेप्शनला दोन आणि दाराशी लावलेल्या फलकाला शून्य. सरासरी पावणेतीन येते. वरचा पाव तारा पुन्हा सिस्टरनाच, कारण स्वतःच्या पोटात इंजेक्शन कसं टोचायचं हे त्यांनी मला दहा मिनिटांत शिकवलं आणि त्या दहा मिनिटांत एकदाही “रिलॅक्स” म्हणाल्या नाहीत.

सेंटरचं नाव घालत नाही. मोठ्या शहरातल्या सेंटरची ही कोकणातली शाखा, एवढं पुरे. माझं मुख्य भांडण त्या फलकाशी आहे, आणि तसले फलक एसटी स्टँडपासून पेपरातल्या जाहिरातीपर्यंत कुठेही दिसतात. वर “यशाचं प्रमाण ७०%”, खाली एक गुटगुटीत, निळ्या डोळ्यांचं बाळ. घारे डोळे आमच्या गुहागरात घरटी सापडतील, पण असले निळे मी तरी पाहिले नाहीत.

मी गुहागर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पी.टी. शिकवते. वय ३६. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचर होते, कोल्हापूर विभागापर्यंत पोचले होते. नवऱ्याची आंब्याची एकशेदहा कलमं आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली तीन आम्ही निवांत होतो, पुढची तीन सासूबाईंनी देवाला गाऱ्हाणी घातली, आणि शेवटची तीन सोनोग्राफीत गेली. माझा एएमएच (अंड्यांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) वयाच्या मानाने कमी निघाला, नवऱ्याचे रिपोर्ट ठीक.

सेंटर गाठायचं म्हणजे आधी तवसाळ. तिथून फेरीबोटीने जयगड, पुढे मालगुंड, मग आरे-वारेचा रस्ता. हवा बरी असेल तर दीड-पावणेदोन तास. इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात आणि आमच्याकडे पाऊस लांबला की लाईट दिवसदिवस येत नाही. म्हणून शेजारच्या मासेवालीकडून थर्माकोलची छोटी पेटी आणली. तीनदा धुतली तरी बांगड्याचा वास गेला नाही. सिस्टरनी झाकण उघडलं, वास घेतला आणि एवढंच म्हणाल्या, “पेटी चांगली आहे ताई, फक्त औषध बर्फाला टेकवू नका. गोठलं की फुकट गेलं.” मग मध्ये जुना टॉवेल घातला. ऐंशी हजारांची औषधं दहा दिवस बांगड्याच्या पेटीत राहिली.

आता सेंटरच्या चालीबद्दल, कारण हे तुम्हाला पत्रकात वाचायला मिळणार नाही. इथे काम ‘बॅच’ने चालतं. भ्रूण वाढवणारे एम्ब्रियॉलॉजिस्ट कायम इथे नसतात, पुण्याहून ठराविक आठवड्याला येतात. मग दहा-बारा बायकांच्या पाळ्या गोळ्या देऊन मागेपुढे करतात आणि सगळ्यांचं एग पिकअप, म्हणजे अंडी काढून घेणं, दोन-तीन दिवसांत उरकतात. छोट्या गावात लॅब वर्षभर माणसांनिशी चालवणं परवडत नाही, हे मला कळतं. पण हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. मला ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या दापोलीच्या बाईंकडून कळलं.

आमची बॅच अकरा जणींची. माझी इंजेक्शनं २६ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. ३१ तारखेला नरकचतुर्दशी होती, त्याच सकाळपासून दुसरं इंजेक्शन वाढलं. पहाटे उटणं, तुळशीपाशी डाव्या अंगठ्याखाली कारीट, “गोविंदा” म्हणून आरोळी, आणि मग ओल्या केसांनी फ्रीजपाशी उभं राहून पोटाची चिमूट धरायची. बाजूला मोबाइलवर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच चाललेली. आपल्याकडे ती पहाटे साडेपाचनंतर सुरू झाली. डॉजर्स ०-५ ने मागे होते. पाचव्या डावात यांकीजच्या हातून एक साधा झेल सुटला, आणखी चुका झाल्या आणि एकाच डावात पाच-पाच अशी बरोबरी झाली. पोहे खाऊन होईतो डॉजर्स ७-६ ने जिंकलेसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, “बाय, सणाच्या दिवशी कसला गो हा खेळ?” मी म्हटलं, “आई, त्यात एक जपानी आहे, ओहतानी. परक्या देशात जाऊन यंदा ५४ होमरन मारलेत.” त्यांनी माझ्या पोटावरचा बँड-एड बघितला आणि पोह्यावर आणखी ओलं खोबरं घातलं.

माझा खरा खेळाडू मात्र इचिरो. २००१ साली तो जपानहून सिॲटलला गेला तेव्हा २७ वर्षांचा होता. जपानचे पिचर (चेंडू टाकणारे) त्याआधी गेले होते, पण किडमिडीत अंगाचा जपानी फलंदाज तिथे रोज टिकेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. पहिल्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही. २००४ मध्ये त्याने २६२ हिट्स मारून १९२० पासून अभेद्य असलेला २५७ चा विक्रम मोडला. मी तेव्हा दहावीत होते. आमच्या सरांनी फळ्यावर त्याचा हिशेब मांडला होता, तो मला अजून पाठ आहे. त्या मोसमात इचिरो बॅट घेऊन ७६२ वेळा उभा राहिला, पण ॲव्हरेज काढताना धरतात ७०४. चार खराब चेंडूंवर मिळालेला बेस, अंगावर बसलेला चेंडू, दुसऱ्यासाठी दिलेला बळी हे वगळायचं. २६२ भागिले ७०४, म्हणजे ०.३७२. सर म्हणाले होते, “वर काय आहे ते कुणीही बघेल. तुम्ही खाली काय आहे ते बघा.”

बेसबॉलमध्ये हा नियम जगजाहीर आहे. शाळेतली पोरही सांगेल काय धरलं, काय सोडलं. सेंटरच्या फलकाचा नियम मला पाच महिने कळला नाही.

६ नोव्हेंबरला पिकअप झालं. आदल्या रात्री शहरात लॉजवर राहिलो, कारण सकाळच्या बोटीचा भरवसा नको होता. ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं, इंजेक्शन घेतल्यापासून छत्तीस तासांचं गणित असतं, ते फेरीबोटीवर सोडता येत नाही. नऊ अंडी मिळाली, सात पक्व, पाच फळली, पाचव्या दिवसापर्यंत तीन पोचली. हे सगळं एम्ब्रियॉलॉजिस्टनी स्वतः बाहेर येऊन, वहीत चित्र काढून समजावलं. पेशंटशी इतकं सरळ बोलणारा माणूस मी दवाखान्यात कमी पाहिलाय. लॅबचे चार तारे यांचे. पाचवा कापला कारण भ्रूणांचे फोटो मागितले तर “सिस्टीममध्ये आहेत” हे उत्तर आजतागायत चालू आहे.

ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडायच्या, आधी डॉक्टरांनी विचारलं, दोन सोडूया का, चान्स वाढतो. मी एकच म्हटलं. जुळी म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण जुळी बऱ्याचदा वेळेआधी येतात, आणि आमच्याकडे रात्री फेरीबोट बंद असते. काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर खाडीला वळसा घालून कुठवर पळणार? डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांच्या बाजूने हे लिहायला हवं.

रिसेप्शनचे दोन तारे कसे पडले ते सांगते. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणजे आम्हा शिक्षकांना ड्यूटी. ट्रान्सफर ११ ची, म्हणून सूट मागायला दाखला हवा होता. मी काउंटरवर दोनदा सांगितलं, नुसतं ‘वैद्यकीय उपचार’ लिहा. हातात आला तो कागद ‘वंध्यत्वावरील उपचार’ असा, ठळक अक्षरात, शिक्क्यासकट. बोट सुटायची वेळ झालेली. तोच दिला. दोन दिवसांत तहसील कचेरीतल्या शिपायाने मला त्याच्या मेव्हणीच्या ओळखीच्या वैद्याचा पत्ता दिला. कळवळ्यानेच दिला, पण दिला.

२३ नोव्हेंबरला बीटा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी. त्याच दिवशी निवडणुकीचा निकाल. बाहेर गुलाल, ढोल, फटाके. माझ्या रिपोर्टवर ‘दोनपेक्षा कमी’. नवऱ्याने गाडी आरे-वारेच्या चढावर बाजूला घेतली, दोघांनी एक शहाळं प्यायलं आणि घरी आलो. त्या दिवसाबद्दल एवढंच.

जानेवारीत गोठवलेल्या दोनपैकी एक सोडायचं ठरलं. तेव्हा काउन्सेलर म्हणाल्या, गर्भाशयाच्या अस्तराला आधी हलकं खरवडून घेतलं तर गर्भ चांगला रुजतो, आठ हजार रुपये. माझी मावसबहीण पुण्याला एम.डी. करते, तिला फोन लावला. तिने २०१९ चा एक मोठा अभ्यास सांगितला. १३६४ बायका, निम्म्यांना खरवडलं, निम्म्यांना नाही. जिवंत मूल घरी आलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे तेच, २६.१ टक्के. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, “सक्ती नाहीये मॅडम.” सक्ती नव्हती तर पॅकेजच्या कागदावर आधीच टिक कशी होती, हे मी विचारलं नाही. टिक खोडली. आठ हजार वाचले.

पण तो आकडा डोक्यात राहिला. ०.२६१. बेसबॉलमध्ये या ॲव्हरेजचा माणूस चांगला समजतात, त्याला संघात जागा मिळते. दर चार वेळांतून एकदाच्या थोडं वर. हे कुणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी इंजेक्शनं घेतलीच असती. सत्तरच्या तयारीने गेले आणि पहिल्या चेंडूवर आऊट झाले, म्हणून नोव्हेंबरभर दोष माझाच वाटत राहिला.

१० जानेवारीला दुसरी ट्रान्सफर. २२ तारखेला पहाटे इचिरो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडून आल्याची बातमी आली, ३९४ पैकी ३९३ मतं. मी शुभशकुन मानणाऱ्यातली नाही, त्या दिवशी मानला. दुपारी बीटा १८४. दोन दिवसांनी दुपटीहून जास्त. सिस्टरनी काउंटरवरून पेढे आणून दिले. १० फेब्रुवारीला ठोका दिसला, मंद होता. १७ ला नव्हता.

बाग असलेल्या घरात यावर फार बोलायला लागत नाही. फेब्रुवारीत कलमाखाली सकाळी बघावं तर कणीएवढ्या, वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा असतो. मोहोर जळत नाही, कीड नसते, तरी गळतात. नवरा रोज ते बघतो. त्याने मला कधीच “का झालं असेल” विचारलं नाही. सासूबाई मात्र त्या रात्री माझ्याजवळ येऊन झोपल्या आणि लालबागच्या गोष्टी सांगत बसल्या. सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपात सगळं गेलं, तरी ही मंडळी आणखी काही वर्षं चाळीत तग धरून होती. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, हर्षा, तेव्हा चाळीतल्या बायका हॉस्पिटलच्या गेटापर्यंत बघायला गेल्या होत्या. “मी पण गेलेले. हा पोटात होता पाच महिन्यांचा. लोक काय काय बोलत होते, बाटलीतली पोर म्हणून. मला वाटलं, त्या आईला किती दिवस झोप नसेल.” नऊ वर्षांत त्या पहिल्यांदा असं काही बोलल्या.

एप्रिलमध्ये फाइल घ्यायला सेंटरला गेले. फलक तसाच, ७०%. मार्केटिंगचा मुलगा होता तिथे, बावीस-तेवीसचा, विनम्र. त्याला विचारलं, हे सत्तर कशाचे? म्हणाला, ट्रान्सफर झालेल्या पेशंटपैकी पॉझिटिव्ह आलेले. मी विचारलं, मग मी कुठे आहे यात? त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि आनंदाने म्हणाला, “तुम्ही सक्सेसमध्ये आहात मॅडम. जानेवारीला पॉझिटिव्ह आहे ना तुमचं.”

त्याच्यावर राग नाही, त्याला जे शिकवलं ते त्याने सांगितलं. पण ज्याने कधी बेसबॉल बघितला असेल त्याला हे कळेल. पहिल्या बेसवर पोचलेला खेळाडू म्हणजे रन नव्हे. सगळे बेस फिरून होम प्लेटला पाय लागला तर रन. तिसऱ्या बेसवर उभं असताना डाव संपला तर धावफलकावर शून्यच लागतं, कितीही धावला असशील तरी.

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, म्हणून मला हिशेब ठाऊक आहे. अकरा जणी सुरू झालो. दोघींचे फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) वाढलेच नाहीत, सायकल रद्द, औषधांचे पैसे गेले. एकीचं एकही भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकलं नाही. या तिघी फलकाच्या हिशेबातच नाहीत, त्या मैदानात उतरल्याच नाहीत असं समजायचं. उरल्या आठ. कधी ना कधी पॉझिटिव्ह आल्या पाच, त्यात मी. म्हणजे फलकाच्या भाषेत साठाच्या वर. घरी बाळ आहे तिघींच्या. अकरात तीन, ०.२७३. हे प्रमाण वाईट नाही! माझ्या मावसबहिणीच्या आकड्याला जवळजवळ चिकटूनच आहे. सेंटर खोटं काम करत नाही, काम चांगलंच करतं. मग खोटा फलक कशाला लावतं? २०२१ च्या कायद्यात साफ लिहिलंय की त्या क्लिनिकमध्ये यशाची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, जुळ्यांचा धोका, हे सगळं जोडप्याला समजावून सांगायला हवं. मला सांगितलं होतं, असं माझ्या सहीचा कागद म्हणतो. सतरा सह्या होत्या, एका बैठकीत.

त्याच एप्रिलच्या भेटीत काउन्सेलरनी डोनर एगचा विषय काढला. “तरुण मुलीची अंडी घेतली तर सत्तर टक्के खरंच मिळतात मॅडम.” सत्तरचं ठाऊक नाही, पण तरुण अंड्याने शक्यता वाढते हे खरं आहे, वय मोजायचं ते अंड्याचं, गर्भाशयाचं नंतर. मी विचारलं, ती मुलगी कोण असते? म्हणाल्या, ते गोपनीय असतं, बँकेतून येतं. गोपनीय असावंच. पण मला नाव नको होतं. तिला काय सांगितलेलं असतं, एवढंच हवं होतं. कायद्याने ती २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच अंडी देऊ शकते, सातपेक्षा जास्त काढायची नाहीत, तिचा विमा काढायचा, आणि विक्री तर गुन्हाच. जी दहा दिवसांची इंजेक्शनं मी घेतली तीच ती घेणार, आणि मूल माझं.

मला तेव्हा डॉमिनिकन रिपब्लिक आठवलं. तेवढ्याशा देशात अमेरिकेतल्या तिसाच्या तीस क्लबांच्या अकादमी आहेत. सोळाव्या वर्षी पोरांशी करार होतात. त्याआधी गावोगाव फिरणारे ‘बुस्कोन’ पोरं हेरतात, खाऊपिऊ घालून तयार करतात आणि कराराच्या पैशात वाटा घेतात. त्यातले जे तरले त्यांची पोस्टर्स आपण लावतो. बाकीचे शाळा सोडलेले, खांदा दुखावलेले, विशीत घरी परततात. आपल्याकडचंच बघा. २००८ मध्ये भारतात पिचर शोधायची स्पर्धा झाली, हजारो पोरांनी चेंडू टाकले, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सनी घेतले. दोघं खालच्या लीगमध्ये खेळले, मुख्य लीगमध्ये एकही नाही. माझी शाळेतली पोरं मात्र मला विचारतात, “मॅडम, दोन भारतीय अमेरिकेत गेले ना?” गेले. खरंच गेले, आणि ती लहान गोष्ट नाही. पण खाली काय आहे ते मी त्यांना सांगते.

डोनर घेणाऱ्या बायकांना मी नावं ठेवत नाही. ग्रुपवरच्या एकीने घेतलंय, तिच्याशी रोज बोलते. मी सेंटरला इतकंच म्हटलं, तुम्ही ज्या बँकेतून घेता ती बँक त्या मुलीला नंतर वर्षभर बघते का, हे लिहून द्या. काउन्सेलरनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी कॅन्टीनचा मेनू मागितला होता.

खर्च, कारण सगळे तेच विचारतात. पॅकेज १ लाख ४५ हजार, औषधं वेगळी, ती ८० हजारांच्या आसपास. गोठवलेल्या भ्रूणाची ट्रान्सफर ४५ हजार. साठवण वर्षाला २० हजार. लॉज, बोट, पेट्रोल हे धरलेलं नाही. बागेच्या अर्ध्याहून जास्त पेट्या.

एक भ्रूण अजून तिथे गोठलेलं आहे. कायद्याने दहा वर्षं ठेवता येतं. गणपती गेल्यावर नूतनीकरणाचा मेसेज आला, नोव्हेंबरच्या आत भरा. भरणार आहे. सोबत एक मेल पाठवलाय: ३५ ते ३७ वयाच्या किती बायका गेल्या वर्षी तुमच्याकडे सुरू झाल्या आणि किती जणींच्या घरी बाळ आलं. उत्तर आलं, “मॅनेजमेंटला विचारून कळवतो.” तीन आठवडे झाले.

जाणार असाल तर: शनिवारी नऊच्या आत नंबर लावा, डॉक्टर त्यानंतर घाईत असतात. पार्किंग मागच्या गल्लीत, नारळाखाली लावू नका. दाखला हातात मिळाला की बोटीची वेळ झाली तरी काउंटरवरच वाचा. आणि सिस्टरची सुट्टी सोमवारी असते, इंजेक्शन शिकायला त्या दिवशी जाऊ नका.